रस्ता बंद केलाय, तरी गाड्या आत येतात: चूक कुठे शोधायची

रस्त्याचं काम सुरू आहे. दोन्ही टोकांना बॅरिकेड लावलेत, फलक आहेत, रात्री पिवळा दिवाही लुकलुकतो. तरी रोज सकाळी बॅरिकेड बाजूला सरकवलेलं सापडतं, ओल्या काँक्रीटवर टायरचे ठसे उमटलेले असतात आणि दिवसभरात कितीतरी गाड्या थेट खोदकामाच्या तोंडापर्यंत येऊन मागे फिरतात. माणूस उभा केला की प्रकार थांबतो, तो जेवायला गेला की पुन्हा सुरू होतो.

यावर साइटवर पहिला उपाय ठरलेला असतो: बॅरिकेड आणखी जड करा. मीही अनेक वर्षं तेच करत होतो. एका कामावर रात्री वाहनं आत शिरत होती, म्हणून दोन दिवस खपून आम्ही बॅरिकेडची दुहेरी रांग लावली, वाळूची पोती टाकली, मोठा फलक केला. काही फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी घेऊन वळणमार्गावरून निघालो. पहिल्या फाट्यावर बाण होता, दुसऱ्या फाट्यावर होता. तिसऱ्या फाट्यावर बाणाचा फलक पडून गवतात पालथा झाला होता. तिथे आलेल्या अनोळखी चालकाला पुढे कुठे जायचं ते कळत नव्हतं. तो परत मूळ रस्त्याला लागत होता आणि ‘बघू, जायला वाट असेल’ म्हणून बॅरिकेड सरकवत होता. आमच्या बॅरिकेडचा बिघाड दोन किलोमीटर लांब गवतात पडलेला होता.

तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे. गाडी आत घुसली की बॅरिकेडपाशी उभं राहून विचार करायचा नाही. तिथून उलट दिशेने मागे जायचं, ज्या ठिकाणी चालकाला दुसरा रस्ता धरता आला असता त्या शेवटच्या फाट्यापर्यंत. दहापैकी आठ वेळा दोष त्या वाटेत कुठेतरी सापडतो.

सुरुवात अशी करा

पडलेला कोन, म्हणजे रस्त्यावर ठेवतात तो शंकूच्या आकाराचा प्लास्टिकचा अडथळा, उचलून जागेवर ठेवण्याआधी फोटो काढा. रस्त्यावरचे ब्रेकचे काळे ओरखडे कुठे सुरू होतात ते पाहा, फुटलेल्या कोनाचे तुकडे कुठवर उडालेत ते पाहा. ओरखडे कोनांच्या रांगेच्या अगदी तोंडाशी सुरू होत असतील, तर चालकाला इशारा उशिरा मिळाला. ओरखडेच नसतील, तर त्याला काही दिसलंच नाही किंवा तो मुद्दाम आला. बॅरिकेड मोडलेलं नाही, नीट सरकवून बाजूला ठेवलंय, तर तो उतरून विचार करून आत गेला. हे तीन वेगळे आजार आहेत, त्यांना एक औषध चालत नाही. मुकादमाला एवढं सांगून ठेवलं की काम सोपं होतं: आधी फोटो आणि वेळ, मग आवराआवर.

मग गाडीत बसा. एकटे नको, शेजारी कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण करणारा हवा. साइटची माहिती नसलेला माणूस मिळाला तर फारच चांगलं. आधीच्या मोठ्या चौकापासून लोक ज्या वेगाने येतात त्याच वेगाने या, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. परत आल्यावर चित्रीकरणात दोनच गोष्टी शोधा: रस्ता बंद आहे हे पहिल्यांदा कधी कळलं, आणि त्या क्षणी वळायला जागा होती का.

बॅरिकेड सरकवून जाणारे

हा चालक बेदरकारच असतो असं नाही. बऱ्याचदा तो अडकलेला असतो. फाट्यावर त्याला कोणी काही सांगितलं नाही. आठशे मीटर आत आल्यावर समोर बॅरिकेड आलं. मागे गाड्या लागल्या, रस्ता अरुंद, ट्रक असेल तर वळणं अशक्य. लांब ट्रकला एका दमात वळायला साधारण २५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, आणि बंद रस्त्याच्या टोकाला तेवढी जागा क्वचितच असते. बॅरिकेडपलीकडे निदान रस्ता तरी दिसतो, म्हणून तो तिकडे जातो.

बंदी फाट्यावरच सुरू व्हायला हवी. ‘पुढे रस्ता बंद’ एवढं लिहून भागत नाही. किती पुढे बंद आहे, कुठून कुठपर्यंत, आणि मग जायचं कुठून, हे त्याच ठिकाणी कळलं पाहिजे. फलकावर तारीख घाला. ‘काम सुरू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ या वाक्यातून चालकाला हाती काहीच लागत नाही.

स्थानिक रहिवाशांसाठी अर्धा रस्ता उघडा ठेवावा लागतो, तिथे गोंधळ जास्त होतो. एक गाडी फटीतून आत जाताना दिसली की मागचे दहा जण तिच्यामागे जातात. यावर मला दोन टप्प्यांची बंदी चांगली लागू पडलेली दिसली आहे. फाट्यावर अर्ध्या रुंदीचं बॅरिकेड आणि ‘फक्त रहिवासी, पुढे ८०० मीटरवर वाट संपते’ असा स्पष्ट मजकूर. पुढे प्रत्यक्ष कामाच्या कडेला पूर्ण रुंदीची, एकही फट नसलेली बंदी. या दुसऱ्या बंदीच्या अलीकडे गाडी वळवायला जागा राखून ठेवा, आणि ती खडीच्या ढिगाखाली जाणार नाही याकडे रोज बघा.

पट्ट्यांकडेही लक्ष द्या. बॅरिकेडवरच्या तिरप्या पट्ट्या शोभेसाठी नसतात. ज्या बाजूने वाहनांनी जायचं त्या बाजूला पट्ट्या उतरत्या असाव्यात असा संकेत बऱ्याच देशांत पाळतात. अमेरिकेच्या एमयूटीसीडी या नियमावलीत तर, कुठल्याच बाजूला वळायचं नसेल तर पट्ट्या मध्याकडे उतरत्या हव्यात असंही सांगितलंय. आमच्याकडे एकदा अर्धी बॅरिकेड उलटी लागली होती आणि पट्ट्या वाहनांना खड्ड्याकडे बोलावत होत्या. लावणाऱ्याचा दोष नव्हता, त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तुमच्या देशाच्या नियमावलीत काय आहे ते एकदा टोळीसमोर मोठ्याने वाचून दाखवा.

दुचाकींचा प्रश्न निराळा. दोन बॅरिकेडमध्ये मीटरभर फट असली की दुचाकी जाते, कारण तिचं हँडल त्याहून अरुंद असतं. खोदकाम असेल तर फट शिल्लक ठेवूच नका. उघड्या चराच्या कडेला नुसते कोन किंवा फडफडणारी फीत लावणं मला मान्य नाही. तिथे एकमेकांत अडकणारे, सलग अडथळे हवेत. पाण्याने भरायचे प्लास्टिक अडथळे वापरत असाल तर ते खरोखर भरलेत का हे हात मारून बघा. रिकामा अडथळा धक्का लागला की गाडीबरोबरच चरात जातो.

वळणमार्ग स्वतः तपासा

ज्या वाहनांना तुम्ही तिकडे पाठवताय, त्यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात जड वाहन तिथून जाऊ शकतं का? वाटेत कमी उंचीचा पूल, खाली लोंबणाऱ्या तारा, वजनाची मर्यादा असलेली मोरी, अरुंद वळण, यातलं काही असेल तर ट्रकसाठी वेगळा मार्ग आणि वेगळे फलक लागतील. प्रत्येक फाट्यावर बाण हवा आणि वळून झाल्यावर थोडं पुढे आणखी एक बाण हवा. हा दुसरा बाण नसला की चालकाला आपण चुकलो असं वाटतं. शेवटी ‘वळणमार्ग संपला’ हेही सांगावं लागतं.

मोबाइलवरचे नकाशे हल्ली बऱ्याच गाड्यांना वाट दाखवतात, आणि बंदी त्यांच्यापर्यंत पोचली नसेल तर तुमचा फलक एकीकडे आणि फोनमधला आवाज दुसरीकडे असं होतं. रस्ता बंद असल्याची नोंद सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखेसह नकाशांच्या सेवांकडे करा. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस आणि बससेवा यांना नकाशासह लेखी कळवा. रुग्णवाहिका आली तर कुठून आणि किती वेळात आत सोडायची, हे टोळीत आधी ठरलेलं असावं.

रात्री गाडी कोनांत घुसते

इथे गणिताशिवाय गत्यंतर नाही. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत रस्ते आखणारे साधारण २.५ सेकंद धरतात. ताशी ६० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात गाडी ४० मीटरहून अधिक पुढे जाते, आणि थांबेपर्यंत एकूण ८५ मीटर लागतात. ताशी ८० ला हे अंतर १३० मीटर होतं, १०० ला १८५. वेग थोडा वाढला की अंतर कितीतरी वाढतं. ही उताराची गोष्ट नव्हे, सपाट रस्त्याची आहे. आता तुमचा पहिला फलक कामापासून किती मीटरवर आहे ते मोजा. पावलांनी नको, टेपने.

लेन बंद करताना कोनांची जी तिरकी रांग लावतो, तिला टेपर म्हणतात. तो आखूड असला की चालकाला लेन बदलायला वेळच मिळत नाही. अमेरिकेत वापरलं जाणारं सूत्र सोपं आहे. ताशी ७० किलोमीटर किंवा जास्त वेग असेल तर लेनची रुंदी गुणिले वेग, भागिले १.६. ताशी ६० किंवा कमी असेल तर रुंदी गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १५५. रुंदी मीटरमध्ये घ्या. म्हणजे साडेतीन मीटरची लेन ६० च्या वेगाला बंद करायची तर टेपर ८१ मीटरचा येतो आणि ८० च्या वेगाला १७५ मीटरचा. साइटवर बहुतेक वेळा २०–२५ मीटरचा टेपर दिसतो, कारण गाडीतून तेवढेच कोन उतरलेले असतात. टेपरमध्ये दोन कोनांतलं अंतर वेगाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं ठेवा, म्हणजे ६० च्या वेगाला १२ मीटर. आणि सूत्रात घालायचा वेग लोक खरोखर ज्या वेगाने येतात तो घ्या. फलकावर ५० लिहिलं म्हणून कोणी ५० ने येत नसेल तर हिशेब फसतो.

एका ठिकाणी मात्र लांब टेपर उलटा पडतो. दोन्ही दिशांची वाहनं एकाच लेनमधून आळीपाळीने सोडायची असतील, तर वाहनं थांबवणाऱ्या माणसाजवळचा टेपर मुद्दाम आखूड, १५ ते ३० मीटरचा ठेवतात. तो लांबवला की चालक न थांबता लेन बदलायची समजून सरळ पुढे, समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडावर जातो.

टेपर संपल्यावर आणि काम सुरू होण्याआधी मोकळा पट्टा सोडतात, तो बफर. चुकून आत आलेली गाडी तिथे थांबावी म्हणून तो असतो. मी गेलेल्या साइटवर सगळ्यात जास्त दुरुपयोग याच जागेचा होतो. जागा मोकळी दिसली की तिथे पाइप उतरवतात, जनित्र ठेवतात, सावली बघून माणसं डबे सोडून बसतात. बफरमध्ये माणूस बसलेला दिसला की मी काम थांबवतो. कितीही घाई असो, यात तडजोड करू नका.

मागे संरक्षणाला ट्रक उभा करत असाल तर त्याच्या पुढे लगेच माणसं नकोत. मागून धडक बसली की उभा ट्रकही पुढे सरकतो. तेवढं अंतर मोकळं सोडा आणि त्या ट्रकच्या केबिनमध्ये कोणालाही झोपू देऊ नका.

रात्री आणखी काय बिघडतं? रिफ्लेक्टिव्ह पट्टी गाडीच्या दिव्याचा प्रकाश परत चालकाकडे पाठवते, पण तिच्यावर धूळ किंवा सिमेंटचा थर बसला की ती निकामी होते. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घेण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. जॅकेटचा झगझगीत रंग फक्त दिवसा काम करतो. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांमुळे तो चमकतो, रात्री तो साध्या कापडासारखा असतो. रात्री दिसते ती फक्त पट्टी. म्हणून धुऊन धुऊन पट्टी उडालेलं जॅकेट रात्रपाळीला देऊ नका, रंग कितीही ताजा असला तरी.

फ्लडलाइट चालकाच्या डोळ्यांत जात असेल तर त्याला मागचं काहीच दिसत नाही. दिवे खाली झुकवा आणि दोन्ही दिशांनी गाडी चालवून खात्री करा. टेपरवर प्रत्येक कोनाला आपापल्या तालात लुकलुकणारा दिवा लावण्याची हौस टाळा. तसे दिवे नुसते लक्ष वेधतात, त्यांतून रांगेचा आकार समजत नाही. स्थिर दिवे, किंवा ओळीने एकापाठोपाठ पेटत जाणारे दिवे वाट दाखवतात.

झेंडीवाला उभा आहे, तरी गाड्या समोरासमोर

माणूस कुठे उभा आहे ते आधी बघा. तो लेनमध्ये नसावा, रस्त्याच्या कडेला, एकटा, दुरून दिसेल असा असावा, आणि गाडी अंगावर आलीच तर उडी मारायला मागे जागा हवी. भिंत किंवा चर पाठीशी असेल तर जागा बदला. त्याच्याभोवती गप्पांचा घोळका जमला की चालकाला त्याचा इशारा दिसत नाही.

दोन टोकांची माणसं एकमेकांना दिसत नसतील तर वॉकीटॉकी द्या. मोबाइल नको, ऐन वेळी लागत नाही. शेवटच्या गाडीची खूण सांगायची: ‘निळी व्हॅन शेवटची.’ पलीकडच्याने निळी व्हॅन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपल्या बाजूची वाहनं सोडायची नाहीत. सायकलवाला मागे राहतो आणि घात होतो तो इथेच. ३०० मीटरचा टप्पा ताशी ३० वेगाची गाडी ३६ सेकंदांत पार करते, ताशी १२ ने जाणाऱ्या सायकलला ९० सेकंद लागतात. घड्याळावर सोडत असाल तर सायकलचं घड्याळ धरा.

थांबवलेल्या गाड्यांची रांग वाढत वाढत पहिल्या इशारा फलकाच्याही मागे गेली, तर शेवटच्या गाडीला इशारा मिळतच नाही. तिला मागून येणारा ट्रक धडकतो, आणि हा अपघात कामाच्या हद्दीबाहेर होतो म्हणून वहीत नोंदसुद्धा होत नाही. गर्दीच्या वेळी रांगेचं शेपूट कुठवर जातं ते बघा आणि एक जास्तीचा फलक त्याच्याही मागे न्या.

डंपरच्या मागे गाडी आत आली

हे खूप वेळा होतं आणि उपाय छोटा आहे. डंपर आत वळतो, फट उघडते, मागचा चालक वाट सुरू आहे समजून मागोमाग येतो. कामाच्या वाहनांनी आत वळायचं दार टेपरमध्ये ठेवू नका, पुढे ठेवा. दाराशी एक माणूस द्या. डंपरवर मागे ‘कामाचे वाहन, पाठोपाठ येऊ नका’ असं ठळक लिहा आणि चालकाला वेग कमी करायच्या बऱ्याच आधी दिवे चालू करायला सांगा. आत आल्यावर मागे घेताना खाली उभा माणूस हवाच. दुर्दैवाने बाहेरच्या वाहनांकडे लक्ष देताना आपल्याच डंपरखाली माणूस सापडतो.

पादचाऱ्यांचं एकच सांगतो. चालणारा माणूस चारशे मीटरचा फेरा घेत नाही, तो चर ओलांडतो. त्याला कामाला लागून निदान १.२ मीटर रुंदीची, कोरडी, उजेड असलेली वाट द्या. दृष्टिहीन व्यक्तीची काठी फितीखालून निघून जाते, म्हणून जमिनीलगत आडवी पट्टी असलेलं कुंपण लावा.

फलकांवर कोणी विश्वासच ठेवत नाही

काम नसताना फलक उघडे राहतात, हे याचं कारण. पावसाने काम बंद, रस्ता पूर्ण मोकळा, आणि फलक सांगतोय ‘वेग २०’. रोज जाणारा चालक दोन दिवसांत शिकतो की हे फलक खोटे असतात, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही खरोखर रस्त्यात असता. काम थांबलं की फलक काढा किंवा प्रकाश आरपार जाणार नाही अशा कापडाने पूर्ण झाका. नुसते आडवे फिरवून ठेवले तर गाडीच्या दिव्यात पुन्हा चमकतात आणि बाजूच्या रस्त्यावरच्यांना दिसतात.

वाऱ्याने फलक पडत असतील तर वजन खाली, पायावर, वाळूच्या पोत्याचं द्या. दगड, विटा, काँक्रीट भरलेले पिंप नको. धडक बसली की तो दगड काचेतून आत जातो किंवा मजुराच्या डोक्यात बसतो. आणि काम उरकल्यावर सगळे फलक उचलले जातात, दगड तेवढे तिथेच राहतात, अंधारात, कुठलाही इशारा नसताना.

लावणं आणि काढणं

लावताना सुरुवात वाहनं जिकडून येतात तिकडून: पहिला फलक पहिला, मग पुढचे, मग टेपर, मग काम. काढताना बरोबर उलटं. पहिला इशारा फलक सगळ्यात शेवटी उतरवायचा. दिवस संपताना सगळे थकलेले असतात आणि गाडीला जो फलक जवळ तो आधी उचलला जातो. मग टेपर उचलणारी दोन माणसं विनाइशारा रस्त्यात वाकलेली असतात. म्हणून काढायचा क्रम मी चिठ्ठीवर लिहून गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवतो.

शेवटी एकदा रिकाम्या रस्त्यावरून गाडी न्या. बाजूच्या गल्ल्यांतले बाण निघाले का, कामासाठी पुसलेले किंवा झाकलेले लेनचे पट्टे पुन्हा दिसतात का, खिळे, तारा आणि दगड उचलले का, ते बघा. मग नकाशावरची बंदी काढा आणि रुग्णवाहिकेला व बससेवेला रस्ता सुरू झाल्याचं कळवा. हा निरोप राहिला तर रस्ता उघडूनही आठवडाभर रुग्णवाहिका वळणमार्गानेच फिरत राहते.